बाटलीवर शेतकऱ्याचं नाव

शॅम्पेनच्या बाटलीवर, लेबलच्या अगदी तळाशी, दोन बारीक अक्षरं आणि त्यापुढे एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो. चष्मा लावल्याशिवाय तो दिसत नाही, आणि दिसला तरी कुणी वाचत नाही. माझा धंदा मात्र त्या दोन अक्षरांवर उभा आहे. ‘एनएम’ असेल तर ती बाटली द्राक्षं विकत घेणाऱ्या पेढीची. ‘सीएम’ असेल तर सहकारी संस्थेची. आणि ‘आरएम’ असेल तर ज्याची बाग त्याचीच वाइन. त्यानेच वेल छाटली, त्यानेच घड उतरवून घेतले, त्यानेच आपल्या तळघरात वाइन मुरवली आणि बाटलीवर नाव घातलं तेही आपल्याच घराण्याचं. अशा बागायतदाराला बाहेरून फार तर 5 टक्के द्राक्षं घेता येतात. मी इंग्लंडमध्ये राहते आणि फक्त अशा शेतकऱ्यांची शॅम्पेन आणून विकते.

हे असंच का, ते सांगायचं तर निफाडला जावं लागेल. तिथे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, द्राक्षबाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग फेलफूट काढणं, विरळणी, घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवणं. थंडीत अवकाळी ढग आले की घरात कुणाला झोप नसायची, कारण पहाटे डाऊनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी ठरलेली. मार्चच्या सुमारास व्यापारी यायचा. चार मणी तोंडात टाकायचा, मीटर लावून गोडी बघायचा आणि बांधावर उभ्याउभ्या भाव ठरायचा. दोन दिवसांत माल क्रेटमधून निघून जायचा. खोक्यावर नाव व्यापाऱ्याचं. एका वर्षी एक व्यापारी अर्धे पैसे देऊन गेला तो पुन्हा दिसलाच नाही. ते नुकसान अण्णांनी दोन हंगामांत भरून काढलं. पण आपला माल कुणाच्या घरी गेला, त्याला तो कसा लागला, हे काही केल्या कळत नाही, ही गोष्ट त्यांना कायम बोचत राहिली. जेवताना मध्येच म्हणायचे, “कुठं गेली असतील गं आपली द्राक्षं?”

लग्नानंतर मी इंग्लंडला आले. मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. वाइनचा नाद तिथेच लागला, आणि तो लागला तो अभ्यासातून. लंडनमध्ये 1969 साली स्थापन झालेली ‘डब्ल्यूएसईटी’ नावाची संस्था वाइनचे रीतसर अभ्यासक्रम चालवते. संध्याकाळचा वर्ग धरला. सहा ग्लास समोर, थुंकायला भांडं, आणि वास, चव, आंबटपणा, शेवट असं एकेक करून लिहायचं. एका संध्याकाळी शॅम्पेनचे ग्लास आले. तोवर मला ती फेस उडवायची, समारंभाची वस्तू वाटत होती. त्या दिवशी एका ग्लासात मला भाजलेल्या पावाचा वास आला, दुसऱ्यात ओल्या खडूचा, आणि दोन्हींच्या मागे तो धारदार आंबटपणा, जो मी लहानपणी पिकायच्या आधीचा मणी चोरून खाताना चाखलेला होता. द्राक्ष या गोष्टीचं एवढं काही होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पगारातले जे पैसे उरायचे ते त्यानंतर बाटल्यांत जायला लागले.

आमच्या भागाला ही वाइन अगदीच अनोळखी होती असं नाही. 1980च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रान्सच्या पिपेर-हाइडसिक या पेढीच्या तांत्रिक मदतीने फेसाळ वाइन काढली होती आणि तिथली ‘ओमर खय्याम’ इंग्लंडमध्येही विकली गेली. अण्णांच्या पिढीतल्या बागायतदारांना ते माहीत होतं. पण ती वाइनची द्राक्षं वेगळी, तो बाजार वेगळा. आमच्या बागेचा त्याच्याशी संबंध आला नाही.

शॅम्पेन प्रदेशात पहिल्यांदा गेलो ते मोटारीने. बोगद्यातून कॅले आणि तिथून तीन तासांच्या आत रेंस. सगळे प्रवासी जे बघतात ते आधी बघितलं. रेंसखालच्या रोमन काळापासूनच्या खडूच्या खाणी, आता ज्यांत लाखो बाटल्या निजलेल्या आहेत. एपर्नेचा तो प्रसिद्ध रस्ता, दोन्ही बाजूंना वाडे आणि पायाखाली मैलोन्‌मैल तळघरं. 2015मध्ये युनेस्कोने हा सगळा वारसा जागतिक यादीत घेतला, आणि तो त्या मानाला पात्र आहे. मोठ्या पेढ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. 1805 साली सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेल्या बार्ब-निकोल क्लिको या बाईने सासरची पेढी हातात घेतली आणि बाटलीतला गाळ मानेत उतरवण्याची पद्धत तिच्याच तळघरात विकसित झाली. पेढ्यांनी या वाइनला जगभर पोचवलं. पण त्या गुळगुळीत दौऱ्यांत मला शेतकरी कुठे दिसेना. गंमत अशी की तिथल्या द्राक्षबागांपैकी जवळजवळ 90 टक्के क्षेत्र शेतकऱ्यांच्या मालकीचं आहे, आणि विकल्या जाणाऱ्या शॅम्पेनमधला सुमारे 70 टक्के वाटा पेढ्यांचा. म्हणजे बहुतेक शेतकरी तिथेही द्राक्षं विकूनच मोकळे होतात.

फरक भावात आहे, आणि तो लहान नाही. तिथे किलोला सहा-सात युरो मिळतात. घाण्याचा हिशेब कायद्याने बांधलेला आहे. 4000 किलो द्राक्षांतून 2550 लिटर रस काढायचा, त्याहून एक थेंब जास्त नाही. त्यातला पहिला 2050 लिटर उत्तम, उरलेला 500 दुय्यम. म्हणजे एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात. हा हिशेब मी अण्णांना फोनवर सांगितला तेव्हा त्यांनी तो कागदावर उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत फोन करून विचारलं, “सगळी तोडणी हातानंच?” हो, हातानेच. यंत्राने तोडणीला तिथे बंदी आहे, कारण मणी फुटता कामा नये.

पेढ्या सोडून मी खेड्यांत जायला लागले. अँबोने, बूझी, वर्झने, अवीझ, क्रामाँ. फेब्रुवारीत एकदा अँबोनेच्या उतारावर एक बाई छाटणी करत होत्या. त्यांची बाग, त्यांचीच वाइन, नवरा तळघर सांभाळतो. मी फाटकाशी उभी राहून त्यांची कात्री बघत होते. जुन्या खोडावर दोन काड्या ठेवायच्या, प्रत्येकीवर मोजके डोळे, बाकी सगळं खाली. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी म्हटलं की तुम्ही शेवटचा डोळा वरच्या बाजूचा ठेवलात. बाई थांबल्या. वाइन चाखायला येणारे पाहुणे डोळ्यांबद्दल बोलत नाहीत. मी सांगितलं, माझे वडील छाटतात, वर्षातून दोनदा. त्यांना ते पटेचना. “दोनदा? मग वेल झोपते कधी?” मी सांगितलं की आमच्याकडे बर्फ नाही, कडाक्याची थंडी नाही, वेल झोपतच नाही, तिला छाटूनच दमवावं आणि उठवावं लागतं. त्यांनी कात्री खिशात टाकली आणि मला घरात नेलं. माझ्या धंद्याची पहिली ओळख अशी झाली.

त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने तळघरात माझ्यासमोर गाळ काढून दाखवला. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होण्यासाठी लिटरला 24 ग्रॅमच्या आसपास साखर आणि यीस्ट घालतात. त्यातून जो वायू तयार होतो तो कोंडून राहतो आणि आत मोटारीच्या टायरच्या अडीच-तीन पट दाब तयार होतो. पुढे काही वर्षं बाटली आडवी. मेलेलं यीस्ट वाइनला तो भाजलेल्या पावाचा वास देतं. शेवटी बाटली रोज थोडी फिरवत, तिरपी करत उलटी आणायची, म्हणजे सगळा गाळ बुचापाशी येतो. आता बहुतेक ठिकाणी बाटलीची मान गोठवून यंत्राने तो काढतात. या माणसाने काही बाटल्या अजून हाताने काढायचा परिपाठ ठेवलेला आहे. उलटी बाटली त्याने दिव्यासमोर धरली. मानेत गाळाची करडी टोपी बसलेली. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात पक्कड. बाटली हळूहळू वर उचलायला लागला आणि आतला हवेचा बुडबुडा मानेकडे सरकायला लागला. तो पोचायच्या क्षणी पक्कड फिरली, झाकण उडालं, गाळ समोरच्या लाकडी खोक्यात थडकला आणि अंगठा बाटलीच्या तोंडावर. वाया गेली असेल ती दोन घोट. अंगठा काढून त्याने आधी वास घेतला, मग मला दिला. प्रत्येक बाटलीचा वास तो घेतो. एखादी बिघडलेली असेल तर ती तिथेच बाजूला.

मग त्याने मागचं लेबल दाखवलं. त्यावर कोणत्या वर्षाची द्राक्षं, कोणत्या शिवारातली, कोणत्या महिन्यात गाळ काढला, शेवटी साखर किती घातली, सगळं छापलेलं. मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेली बाई. इतका उघडा हिशेब मी कुठल्याही मालावर पाहिला नव्हता. हीच बाटली मला विकायची होती, आणि अशाच.

नोकरी मी लगेच सोडली नाही. आधी परवाने. इंग्लंडमध्ये दारू विकायची तर स्वतःचा परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी परीक्षा असते. जागेचा परवाना नगरपालिकेकडून वेगळा. त्याच्या अर्जाची नोटीस फिक्या निळ्या कागदावर छापून 28 दिवस दारात लावायची, शेजाऱ्यांपैकी कुणाची हरकत असेल तर त्यांनी कळवावी म्हणून. आमच्या गॅरेजच्या दारावर तो निळा कागद लागला तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन वाचला. हरकत कुणी घेतली नाही. समोरच्या आजीबाईंनी तर कागद फाटू नये म्हणून त्यावर स्वतःच प्लॅस्टिक लावलं.

घाऊक विक्रीसाठी कर खात्याची मंजुरी लागते, ती वेगळी. माल फ्रान्सहून आला की थेट बाँडेड गोदामात जातो. तिथे असेपर्यंत अबकारी भरावी लागत नाही, बाहेर काढताना भरायची. ही सोय नसती तर माझ्यासारखीचं भांडवल पहिल्याच पॅलेटमध्ये संपलं असतं. एका पॅलेटवर पाचशे-सहाशे बाटल्या मावतात. बाटलीमागे अडीच पौंडांहून जास्त अबकारी, आणि त्या अबकारीसह सगळ्या किमतीवर 20 टक्के व्हॅट. ऑगस्ट 2023पर्यंत फेसाळ वाइनला साध्या वाइनपेक्षा जास्त अबकारी होती. मग ती अल्कोहोलच्या प्रमाणावर बसवली गेली आणि आमच्या बाजूने थोडी खाली आली. त्याआधी जानेवारी 2021पासून ब्रेक्झिटची कागदपत्रं सुरू झालेली. मालवाहतुकीच्या कंपनीत काढलेली वर्षं इथे कामाला आली. सीमाशुल्काचे जे फॉर्म पाहून इतर छोटे आयातदार घाबरत होते, ते माझ्या रोजच्या हाताखालचे होते. नाद लागला म्हणून धंदा सुरू झाला हे खरं, पण तो टिकला तो या कागदांमुळे, असं मी कुणी विचारलं तर स्पष्ट सांगते.

विकायचं कुणाला, हा खरा प्रश्न. सुपरमार्केटमध्ये डिसेंबरात शॅम्पेन इतकी स्वस्त मिळते की माझ्या बाटलीची किंमत ऐकून लोक पाऊल मागे घ्यायचे. मी त्यांना सव्वा किलो द्राक्षांचा हिशेब सांगायचे. नुसत्या द्राक्षांचेच सात-आठ युरो होतात, त्यावर बाटली, बूच, तारेची टोपी, कमीत कमी 15 महिने तळघरात ठेवणं, वाहतूक, अबकारी. मग तुम्हीच सांगा, स्वस्त बाटलीत कुणाचा वाटा कापला गेला असेल? काहींना हे पटलं. ज्यांना पटलं ते आजही गिऱ्हाईक आहेत.

रेस्टॉरंटांच्या मागे मी फार लागले नाही. त्यांची उधारी तीन-तीन महिन्यांची, आणि एकाने तर वर्षभर फिरवलं. बापाचे पैसे बुडालेले पाहिलेली मुलगी अशा धंद्यात जास्त वेळ थांबत नाही. मी घराघरांत गेले. वास्तुशांत, पन्नाशी, लग्नाचा वाढदिवस, एखाद्या मंडळाचं स्नेहसंमेलन. हॉलमध्ये चाखण्याचा कार्यक्रम करायचा तर 21 पौंड भरून तात्पुरता परवाना मिळतो. मराठी घरांत मी मुद्दाम आपलंच खाणं ठेवायला सांगते. शॅम्पेनचा आंबटपणा आणि बुडबुडे तळलेल्या, खारट पदार्थाला जसे भिडतात तसे दुसऱ्या कशालाच नाही. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रव्यात तळलेले बोंबील. तिखट जास्त असेल तर मात्र चव मरते. गोडाबरोबर कोरडी शॅम्पेन कडू लागते, म्हणून पुरणपोळीला मी डेमी-सेक देते, ज्यात लिटरला 32 ते 50 ग्रॅम साखर असते. पूर्वी बहुतेक शॅम्पेन याहून गोड असायची. 1874च्या हंगामातून मादाम पोमरी यांनी इंग्रज गिऱ्हाइकांच्या आवडीसाठी कोरडी ब्रूत काढली, तिथून चव फिरली. पिणाऱ्याचं ऐकून वाइन बदलते, हे मला या इतिहासातलं सगळ्यात आवडतं.

मूळच्या वेंगुर्ल्याच्या, आता लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंनी अवीझची, फक्त शार्दने द्राक्षांची, जवळजवळ साखर न घातलेली बाटली तळलेल्या सुरमईबरोबर चाखली. दुसऱ्या दिवशी मला लांबलचक पत्र लिहिलं. चव कशी बदलत गेली, सुरमईचं तेल कसं धुऊन निघालं, तिसऱ्या ग्लासात खाऱ्या वाऱ्याचा वास कसा आला. मी ते पत्र फ्रेंचमध्ये करून त्या शेतकऱ्याला पाठवलं. तेव्हापासून मी हे नेमाने करते. गिऱ्हाइकांना सांगते, चार ओळी लिहा, आवडलं नाही तर तेही लिहा. दर वर्षीच्या ऑर्डरबरोबर त्या ओळी शेतकऱ्यांकडे जातात. धंद्याच्या हिशेबात याला कुठलाच रकाना नाही, पण माझ्या मते माझं खरं काम हेच आहे.

अण्णांना एका उन्हाळ्यात तिकडे नेलं. तिथल्या ओळी एकमेकींपासून जेमतेम मीटरभर. हेक्टरला आठ हजारांच्या आसपास वेली. आमच्याकडे दोन ओळींमधून बैलगाडी जाईल एवढं अंतर. अण्णांना पहिला प्रश्न पडला तो ट्रॅक्टर जातो कुठून. तेवढ्यात तो आलाच. उंच पायांचा, वेलींच्या ओळीवरून पाय फाकून चालणारा, खाली वेली आणि वर चालक. अण्णा हरखून गेले. अँबोनेच्या बाईंनी त्यांना वर बसवलं. खाली उतरल्यावर दोघं एकमेकांची भाषा न येता पानं उलटीपालटी करत डाऊनीचे डाग शोधत बसले. 1910 साली याच रोगाने तिथलं जवळजवळ सगळं पीक गेलं होतं, आणि पेढ्या बाहेरच्या प्रांतांतून द्राक्षं आणून शॅम्पेनच्या नावाने खपवत होत्या. 1911मध्ये शेतकरी उठले, दामेरी आणि आय या गावांत पिंपं फोडली, वाइन रस्त्यांवर वाहिली, लष्कर आलं. शॅम्पेनच्या हद्दी आज इतक्या काटेकोर आहेत त्याच्या मुळाशी ते वर्ष आहे. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पुढे भाव मिळाला का.

2021मध्ये एप्रिलच्या कडाक्याने कोंब जळले आणि मग पावसाने पुन्हा डाऊनी आली. 2024ही तसंच ओलं वर्ष. छोट्या शेतकऱ्याकडे मोठ्या पेढ्यांसारखा जुन्या वाइनचा साठा नसतो, त्यामुळे मला मिळणाऱ्या बाटल्या कमी झाल्या आणि भाव वाढला. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कारण कळवलं. ऑर्डरी फारशा कमी झाल्या नाहीत. उलट पत्रं जास्त आली, आणि त्यांत बागेची चौकशी होती.

यंदाची ऑर्डर मी गेल्या आठवड्यात पाठवली. अवीझहून उत्तर आलं. माल नेहमीपेक्षा कमी आहे, प्रत्येक आयातदाराला वाटून द्यावा लागेल, तरी कमी साखरेच्या काही पेट्या वेगळ्या ठेवल्या आहेत. त्याखाली त्याने विचारलं होतं, “ती तळलेल्या माशाबरोबर पिणारी बाई यंदा किती घेणार?” मी लेस्टरला फोन लावला. ताई म्हणाल्या, दोन पेट्या, आणि त्याला सांग की या वेळी बांगडा करून बघते.